झेरॉक्स ५ रुपये, डिलीट फुकट

आधीच सांगतो, हा रिव्ह्यू एका झेरॉक्सच्या दुकानाचा आहे, हसू नका. दुकान नाशिकला सिडकोत पवननगर साइडला आहे. नाव टाकत नाहीये कारण मालकांनाच विचारलं तर म्हणाले, "नको दादा, गर्दी झाली की डिलीट करायला टाइम मिळायचा नाही."

याच्या आधी मी सीबीएसला, म्हणजे जुन्या बस स्टँडकडे जायचो, तिथे कोर्ट नि कलेक्टर ऑफिसमुळे असली दुकानं ढिगाने आहेत. होम लोनसाठी आधार, पॅन, सॅलरी स्लिपा, सहा महिन्यांचं स्टेटमेंट असा सगळा गठ्ठा काढायचा होता. काउंटरवरच्या पोराने भिंतीवरच्या नंबरवर व्हॉट्सॲप करा म्हणून सांगितलं, केलं. स्क्रीन माझ्याच बाजूला वळलेली, वर माझी चॅट आणि खाली अजून पन्नासेक लोकांच्या, त्याने डाउनलोडचं फोल्डर उघडलं तर कोणाचं पासबुक, कोणाचा कॅन्सल चेक सहीसकट, सगळं दिसतंय. म्हणलं जाऊदे, आपल्याला काय करायचंय. पण प्रिंटा ज्या रद्दी कागदात गुंडाळून दिल्या तो कागद घरी येऊन उलटा केला तर मागे कुठल्या तरी माणसाचं पॅन कार्ड! फोटो, जन्मतारीख, सही, सगळं. तिरकं छापलं गेलं म्हणून बाद केलेलं असणार. आता माझं पण एक आधार तिथे तिरकं आलं होतं, म्हणजे ते कोणाच्या घरी वडापावचं तेल पुसतंय देव जाणे.

तर तिथून पुढे हे दुकान.

इथे पहिला प्रश्न असतो "कशासाठी पाहिजे?" मला वाटलं उगाच चौकशा करतायत. तसं नाही, काम साधं असेल तर ते मास्कवालं आधार काढायला लावतात, ज्यात पहिल्या आठ आकड्यांच्या जागी फुल्या असतात आणि शेवटचे चारच दिसतात. यूआयडीएआय म्हणजे आधार देणारी सरकारी संस्था, तिच्या साइटवरून फुकट निघतं. फाइलचा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार अक्षरं कॅपिटलमध्ये आणि जन्मसाल, आता हे तर अख्ख्या गल्लीला माहीत असतं, त्यामुळे पासवर्ड आहे म्हणून फाइल कुठेही टाकून द्यायची नाही हे मला इथे कळलं. झेरॉक्सवर आडवं लिहायला लावतात, अमुक कामासाठी, तारीख, सही. मे २०२२ मध्ये यूआयडीएआयच्या बंगळुरू ऑफिसने असंच सांगणारी नोट काढली होती की आधारची झेरॉक्स सरसकट देत सुटू नका, मास्कवालं वापरा, कॅफेत डाउनलोड केलं तर कॉपी उडवा, त्यावर एवढा गोंधळ झाला की दोन दिवसांत सरकारने नोटच मागे घेतली. दुकानाचे मालक, आमचे काका, मात्र ती अजून पाळतायत.

प्रिंट झाली की स्क्रीन तुमच्याकडे वळवून फाइल शिफ्ट-डिलीट. मी शहाणपणा केला, म्हणलं मी माझ्याकडून डिलीट फॉर एव्हरीवन मारतो की. तर म्हणे "मारा, पण माझ्या कॉम्प्युटरवर उतरलेली फाइल त्याने जात नाही, ती मलाच उडवावी लागते." बाद प्रिंटा काउंटरखालच्या छोट्या मशीनमध्ये जातात, शेवया होऊन बाहेर येतात.

२०२५ मध्ये लाडकी बहीणची ई-केवायसी सुरू झाली तेव्हा शेजारच्या मावशींना घेऊन गेलो होतो. त्यात बाईचा ओटीपी आणि नवऱ्याचा किंवा वडिलांचा पण ओटीपी लागायचा, रांग पार गल्लीत गेलेली. बाकी ठिकाणी मोबाईलच हातातून काढून घेत होते. इथे काकांनी कीबोर्ड मावशींपुढे सरकवला. मावशी म्हणाल्या मला नाही जमत रे बाबा, तर म्हणे "जमतं, एकेक आकडा दाबा, मला मोठ्याने सांगू नका." मागची रांग वैतागली, मी पण वैतागलो खरं सांगायचं तर. मावशींना मात्र तेव्हापासून ओटीपी कोणी फोनवर विचारला की सरळ कट करायची सवय लागलीये.

अंगठा लावून पैसे काढायचं मशीन ते ठेवत नाहीत. त्याला ओटीपी लागत नाही नि पिन पण लागत नाही, आधार नंबर, बँकेचं नाव आणि अंगठा बास, त्यामुळे आधारचं बायोमेट्रिक लॉक करून ठेवा, म्हणजे अंगठा चालणारच नाही, असं येईल त्याला सांगत बसतात. वडिलांचं तिथेच लॉक केलं. संचार साथी या सरकारी साइटवर त्यांच्या नावावरची सिमकार्ड पण बघितली, एका माणसाच्या नावावर नऊपर्यंत चालतात, वडिलांच्या नावावर चार निघाली आणि त्यातला एक नंबर घरात कोणाच्याच ओळखीचा नाही! 'माझा नंबर नाही' म्हणून रिपोर्ट टाकला. याचे पैसे घेतले नाहीत.

आता तक्रारी. ब्लॅक अँड व्हाइट प्रिंट ५ रुपये, बाकी सगळीकडे २-३ मध्ये होते. स्कॅनर भयंकर स्लो. गाडी लावायला जागा नाही. नेटबँकिंग त्यांच्या कॉम्प्युटरवर करूच देत नाहीत, माझ्यासमोर एक गृहस्थ फक्त बॅलन्स बघायचाय म्हणून भांडून गेले. काउंटरवर १९३० या सायबर हेल्पलाइनचा स्टिकर आहे, ऑनलाइन फसवणुकीत पैसे गेले तर लगेच या नंबरला लावा म्हणजे पुढे सरकायच्या आत अडवता येतात, पण तो लावलाय अशा जागी की फेविकॉलचा डबा बाजूला केल्याशिवाय दिसत नाही.

आणि सगळ्यात भारी म्हणजे एवढं सगळं करून काउंटरवर एक रजिस्टर उघडं पडलेलं, नाव, मोबाईल, काय काम, सगळं ओळीने, कोणीही वाचा. काकांना बोललो तर एकदम ओशाळले, "अरे हो की." परवा गेलो तर वर पुठ्ठा ठेवलेला. पुठ्ठा जरा आखूड आहे, शेवटची ओळ बाहेर राहते, आणि त्या दिवशी शेवटचा मीच होतो.

चार स्टार.