ओपनडब्ल्यूआरटी आणि कंट्री कोड: आठ महिन्यांनंतर

जोगेश्वरी पूर्वेला जुन्या बिल्डिंगमध्ये सहाव्या मजल्यावर राहतो. संध्याकाळी वायफाय स्कॅन केलं की शेजारपाजारची तीसेक नावं येतात. राउटरला कंपनीचे अपडेट यायचे बंद झाले तेव्हा त्यावर ओपनडब्ल्यूआरटी हे राउटरसाठीचं मोफत, खुलं सॉफ्टवेअर चढवलं, त्याला आता आठ महिने झाले. आठवड्याला करावा लागणारा रीस्टार्ट बंद झाला, एवढं बाकी सगळ्याबद्दल पुरे. लिहायचंय ते कंट्री कोडबद्दल, म्हणजे कुठल्या देशाचे रेडिओ नियम पाळायचे ते राउटरला सांगणाऱ्या सेटिंगबद्दल.

देश निवडला नाही तर राउटर ‘००’वर राहतो, म्हणजे कुठल्याच देशात अडचण येऊ नये इतके सावध नियम. वायफायचे दोन पट्टे असतात, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ; त्यातलं माझं ५ गिगाहर्ट्झ या नियमांत सुरूच होईना. ऑफिसातला मित्र म्हणाला, “अरे यूएस टाक, पॉवर वाढते.” टाकलं. ५ गिगाहर्ट्झ सुरू झालं, पण ते भारत निवडूनही झालंच असतं. २.४ वर पॉवरचा आकडा होता तिथेच राहिला आणि १२, १३ हे चॅनल (पट्ट्यातले ठरलेले कप्पे) मात्र यादीतून गेले. अमेरिकेत साधारणपणे ११ पर्यंतच वापरतात.

मग नियम वाचले. आपल्याकडे २४०० ते २४८३.५ मेगाहर्ट्झ २००५ पासून परवानामुक्त आहे: मर्यादा ट्रान्समीटरला १ वॅट, अँटेना धरून ४ वॅट. माझा राउटर जेमतेम पाव वॅटही फेकत नाही. कायद्याचं अंगण मोठं, आमचा डबाच लहान! शिवाय राउटर कितीही ओरडला तरी बेडरूममधल्या फोनचा आवाज तेवढाच, त्याचं उत्तर राउटरपर्यंत पोचायला नको? पण परवाना माफ आहे तो मर्यादा पाळल्या तरच, आणि फर्मवेअर, म्हणजे राउटरच्या आतलं सॉफ्टवेअर, आपण बदललं की ते सांभाळणंही आपल्याकडेच आलं.

कोड ‘आयएन’ केला. १३ वर गर्दी कमी म्हणून तिथे गेलो, तर भाच्याने अमेरिकेहून आणलेल्या लॅपटॉपला आमचं नेटवर्कच दिसेना. “मामा, तुझं वायफाय बंद आहे का?” मुकाट ११ वर आलो.

खरी मजा ५ गिगाहर्ट्झवर. २०१८ च्या अधिसूचनेने ५४७० ते ५७२५ हा पट्टाही मोकळा झाला, पण तिथे रडारला आधी वाट द्यावी लागते. मी त्यातला चॅनल ११६ निवडला, ८० मेगाहर्ट्झ रुंदीचा. राउटर चालू केला की आधी मिनिटभर रडार आहे का याचा नुसता कानोसा घेतो, मग सिग्नल देतो. आईला ते मिनिट फार लांब वाटायचं. जुलैत एका रात्री मीटिंग मधेच तुटली. लॉग उघडला तर ‘रडार डिटेक्टेड’ची ओळ आणि राउटर दुसऱ्या चॅनलवर उडी मारून बसलेला. तो चॅनल मग अर्धा तास बंद.

आधी चिडलो. मग लक्षात आलं, जानेवारी २०२२ मध्ये सुरू झालेलं हवामान खात्याचं सी-बँड रडार वेरावलीला, म्हणजे आमच्या उशाशीच. अशी रडारं साधारण ५६०० ते ५६५० मेगाहर्ट्झमध्ये चालतात आणि ११६ चा रुंद चॅनल थेट ५६५० पर्यंत जातो. त्या रात्रीची खूण रडारचीच होती की राउटरला झालेला भास, हे ठरवता येणार नाही; भासही होतात. पण वायफायची लुडबुड रडारच्या चित्रात पावसासारख्या रेघा उमटवते. मुंबईत पावसाचा अंदाज बघूनच लोकल गाठायची की नाही ते ठरतं, त्या चित्रात माझ्या घरची रेघ कशाला?

म्हणून आता रडारच्या पट्ट्याबाहेरच्या चॅनल ३६ वर आहे. हॉलमध्ये वेग तेवढाच, मीटिंगही पुन्हा तुटलेली नाही. नवीन व्हर्जन टाकलं की ‘आयडब्ल्यू रेग गेट’ कमांड चालवून ‘आयएन’च आहे ना, ते पाहतो. मित्राकडे अजून यूएसच आहे. परवा विचारत होता, तुझ्या यादीत १३ नंबर कसा काय दिसतो रे?