ओपन-बॅक हेडफोन: एक पावसाळा काढल्यानंतर

"डावा ड्रायव्हर गेलाय, बदलावा लागेल." माझ्या ३०० ओहमच्या ओपन-बॅक (मागून उघड्या, बाहेरचा आवाज आत येऊ देणाऱ्या) हेडफोनचा डावा कान मंदावला, त्यावर हा सर्व्हिस सेंटरचा निकाल. ड्रायव्हर म्हणजे कपातला आवाज काढणारा छोटा स्पीकर. आणि खर्च हेडफोनच्या किमतीच्या जवळजवळ निम्मा. वॉरंटीत बसत नाही, कारण म्हणे मॉइश्चर! मुंबईत माल विकायचा आणि मॉइश्चर वॉरंटीबाहेर ठेवायचं, कमालच आहे. ड्रायव्हर ठणठणीत होता. गंज धरला होता तो कपातल्या केबलच्या सॉकेटने.

एक कान मंदावल्याचा हा दोष पकडायला मोनो (दोन्ही कानांत एकच आवाज असलेलं) ध्वनिमुद्रण लावा. ७८ आरपीएमच्या तबकड्यांच्या जमान्यातला कुठलाही ख्याल चालेल. गवई डोक्याच्या बरोब्बर मधोमध बसला पाहिजे. सुरुवातीच्या स्टिरिओ जॅझवर हे चटकन कळत नाही, तिथे बरेचदा सॅक्स एका कानात आणि ड्रम दुसऱ्या कानात टाकलेले असतात. गवई उजवीकडे सरकला तर हेडफोन उलटा घाला. तरीही तो उजव्याच कानात? मग आधी कानातला मळ काढा. बाजू बदलली तर कपांवरचे केबलचे प्लग आपसात बदला. दोष दुसऱ्या कपात गेला तर केबल किंवा अँप (हेडफोनला जोर देणारा अँप्लिफायर). त्याच कपात राहिला तर सॉकेट किंवा ड्रायव्हर. प्लग हलवल्यावर आवाज ये-जा करत असेल तर संशय सॉकेटवर. हेडफोनच्या ३०० ओहमपुढे संपर्कातला दोन-चार ओहमचा अडथळा कळतही नाही. कानाला फरक जाणवला म्हणजे संपर्क चांगलाच सुटलाय.

लॅमिंग्टन रोडवरून ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणा. प्लगच्या पिना त्यात भिजवलेल्या कापसाच्या इअरबडने पुसा, ओलसर पिन सॉकेटमध्ये आठ-दहा वेळा आत-बाहेर करा, वाळू द्या. आत थेंब ओतू नका.

अँपचा आवाजाचा नॉब अगदी खाली असला तरी हाच भास होतो, कारण नॉबमागच्या साध्या पोटेन्शिओमीटरचे डावे-उजवे दोन चॅनल तिथे सारखे नसतात. लो गेन (अँपची कमी जोराची सेटिंग) लावून नॉब निम्म्यापर्यंत येऊ द्या, मगच ठरवा.

३०० ओहमला मोठा अँप हवाच, हे माझं मत आता मवाळ झालंय. १ व्होल्टच्या साध्या डाँगलवर (फोनला लावायच्या छोट्या अडॅप्टरवर) ख्याल आणि जॅझ त्रिकूट पुरेसं वाजतं. तोकडं पडतं ते सिंफनीत, तिथली सरासरी पातळीच खाली असते. अँपचे पैसे कानावरच्या गाद्यांना, म्हणजे नव्या पॅड्सना ठेवा. पॅड चपटे झाले की कान ड्रायव्हरच्या जवळ जातो, मग सारंगी आणि ट्रम्पेट टोचायला लागतात.

आवाजाबद्दल तक्रार नाही. तानपुऱ्यातला स्वयंभू गंधार वेगळा उमटतो, डग्ग्याचा घुमारा कुठे विरतो तेही कळतं. जॅझ पियानोवादक बिल एव्हान्सच्या त्रयीच्या २५ जून १९६१ च्या, न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॅनगार्ड क्लबमधल्या मुद्रणात ग्लासांची किणकिण पियानोच्या मागे राहते, त्यावर चढत नाही. पंखा पाचवर असला की यातलं निम्मं बुडतं. ओपन-बॅक आणि मे महिना यांचं काही जमत नाही.

ठेवायला घट्ट झाकणाचा डबा आणि सिलिका जेल. घाम पूर्ण वाळल्यावरच आत ठेवा, नाहीतर डबाच दमट होतो.