टाटा ४०७, १९९० मॉडेल : घरचीच गाडी अकरा महिने परत चालवल्यावर

नवीन गाडीचा रिव्ह्यू वाचायला आला असाल तर सॉरी, हा ३५ वर्षं जुना छोटा ट्रक आहे, शोरूममध्ये मिळत नाही आणि मी पण विकणार नाहीये. पण गेल्या वर्षभरात निदान पंधरा जणांनी विचारलं असेल, अरे बापाची गाडी परत रोडवर आणलीस म्हणे, परवडते का? म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो.

आमची आंब्याची बाग देवगडजवळ. १९९० मध्ये बाबांनी ही ४०७ कोरी घेतली, आईच्या पाटल्या मोडून डाऊन पेमेंट आणि बाकी बँकेचे पाच वर्षांचे हप्ते. टेल्कोने ही गाडी १९८६ ला काढली, पुण्यातच बनायची, त्या टायमाला डीसीएम टोयोटा, स्वराज माझदा, आयशर मित्सुबिशी, ऑल्विन निसान अशा जपानी जोडीच्या छोट्या ट्रकांची लाट आलेली आणि त्यांच्यासमोर ही आपली देशी गाडी उभी राहिली. हे सगळं आता वाचायला भारी वाटतं, पण बाबांना विचारलं ४०७ च का घेतली तर म्हणतात, टाटाचं काम येणारा मेस्त्री जवळ होता म्हणून. बस, एवढंच.

आम्ही अजून टेल्कोच म्हणतो, कंपनीचं नाव २००३ ला टाटा मोटर्स झालं तरी.

२०१६ पासून गाडी मांगरात, म्हणजे बागेतल्या शेडमध्ये, उभी होती. बाबांचे गुडघे गेले, मी पुण्यात नोकरीला, पासिंग (आरटीओची फिटनेस तपासणी) संपलं ते संपलं. मी परत गावी आलो तोवर कोंबड्या मागच्या हौद्यात, माल भरतात तिथे, अंडी घालायला लागल्या होत्या. भंगारवाला ८० हजार देत होता. बाबा म्हणाले, "घाल आणि मोकळो हो." आणि हे ते मनावर दगड ठेवून वगैरे म्हणाले असं समजू नका, खरंच म्हणाले, वर भंगारवाल्याशी ८५ साठी घासाघीस पण सुरू केली. आई आडवी आली. "माझ्यो पाटल्यो आसत तिच्यात," म्हणाली. झालं, व्यवहार तिथेच संपला.

आता खर्च. देवगडचा खारा वारा ज्यांना माहितीये त्यांना सांगायला नको, केबिनच्या पायाखालचा पत्रा हाताने तुटत होता, खालचा रस्ता दिसायचा. पत्राकाम आणि रंग, सहा टायर (मागे जोडचाकं आहेत हे बजेट करताना मी चक्क विसरलो होतो), रेडिएटर, डिझेल पंप आणि नोझल, बॅटरी, सेल्फ, चारही ब्रेकची लायनिंग, एका बाजूच्या पाट्यांचा (स्प्रिंगच्या पट्ट्यांचा) सेट, वरून थकलेला टॅक्स आणि पासिंग असं सगळं धरून २ लाख ९० हजार. यातले पाचेक हजार माझ्या मूर्खपणाचे, एका दुकानातून स्वस्तात क्लच प्लेट घेतली ती डुप्लिकेट निघाली आणि दीड महिन्यात जळाली. एवढ्या पैशात थोडे अजून टाकून बरा सेकंडहँड पिकअप येतो. मला माहितीये, कृपया कमेंटमध्ये सांगू नका.

पार्ट मात्र मिळतात हे कबूल करायला पाहिजे. इंजिन ४९७, म्हणजे ४ सिलिंडर आणि ९७ मिलिमीटरचा बोअर (सिलिंडरचा आतला व्यास), नावातच सगळं सांगून ठेवलंय, मला हे चाळिशी ओलांडल्यावर कळलं आणि मी अर्धा दिवस लोकांना सांगत फिरलो. तीन लिटरला थोडं कमी. टर्बो नाही, सेन्सर नाही, भारत स्टेज हे नाव यायच्या दहा वर्षं आधीची गाडी. बंद करायला चावी फिरवून उपयोग नाही, स्टॉपचा नॉब खेचायचा. डिझेल संपून लाइनमध्ये हवा गेली तर फीड पंपाचा दांडा हाताने मारून हवा काढायची. हे मला बाबांनी एकदाच दाखवलं, आणि दाखवताना स्वतः पंपाला हात सुद्धा लावला नाही, बाकड्यावर बसून काठीने दाखवलं, हां तो नट, हां आता मार.

चालवायला कशी? स्टिअरिंग जड. पॉवर स्टिअरिंग नसलेली भरलेली गाडी बागेच्या वाटेत रिव्हर्स घ्यायची म्हणजे जिममध्ये जायची गरज नाही. ब्रेक हे वळणाच्या बरंच आधीपासून दाबायला सुरुवात करायची गोष्ट आहे. भरलेली असताना ५० च्या पुढे मी नेत नाही, अ‍ॅव्हरेज ९ ते १० पडतं. पावसात वायपर चालतो पण मन लावून नाही. आणि आवाज! फोनवर बोलणं विसरा. पण याच आवाजाचा एक फायदा, जामसंड्याचा चढ चढत असताना घरी कळतं की मी आलो, आई चहा टाकते. वाडीतले म्हातारे आवाजावरून ओळखतात, एकजण तर बाबांच्याच नावाने हाक मारत बाहेर आले आणि केबिनमध्ये मला बघून जरा गप्प झाले.

आता मुद्द्याचं, म्हणजे लोक ज्याला सेंटिमेंटल व्हॅल्यू म्हणतात ते.

मी आठ-नऊ वर्षांचा असल्यापासून मे महिन्याच्या सुट्टीत बाबांसोबत मुंबईच्या फेरीला जायचो. दिवेलागणीला पेट्या भरून व्हायच्या, लाकडी पेट्या, आत पेंढा, वरून ताडपत्री आणि रस्सी, उन्हात आंबा तापायला नको म्हणून प्रवास रात्रीचाच. नांदगाव तिठ्यावरून हायवेला लागलं की मी गोधडीत. तेव्हा माल क्रॉफर्ड मार्केटला जायचा, ९६ ला फळ मार्केट वाशीला गेलं. आणि माझ्या डोक्यात या गाडीची जी एक आठवण पक्की बसलीये ती म्हणजे कशेडी घाटाची. मध्यरात्री कधीतरी गाडी थांबायची, मी जागा व्हायचो, बाहेर टपरीच्या उजेडात बाबा बशीतून चहा पीत उभे, इतर ड्रायव्हरांबरोबर मोठमोठ्याने हसतायत. घरात बाबा असे कधी हसलेले आठवत नाहीत. माझ्यासाठी ही गाडी म्हणजे तो हसणारा माणूस. खरं सांगतो, २ लाख ९० हजार त्या टपरीसाठी घातले मी.

तर यंदाच्या एप्रिलमध्ये मी ठरवलं की एक फेरी तरी वाशीची स्वतः मारायची. एरवी मी पेट्या तिठ्यापर्यंत नेतो आणि तिथून मोठ्या गाडीत चढवतो, तेच शहाणपणाचं आहे. पण हौस. सोबत मामेभाऊ, तो खारेपाटणच्या आधीच झोपला. कशेडीला आता बोगदा झालाय, त्यामुळे ती टपरी वगैरे काही लागलीच नाही, मी बोगद्यातून दोन-चार मिनिटांत पलीकडे, आणि पलीकडे आल्यावर लक्षात आलं की ज्याच्यासाठी आलो ते मागे डोंगरावर राहिलं. वाईट वाटायला पण वेळ नव्हता कारण माणगावच्या पुढे माझे डोळे मिटायला लागले. खरोखर मिटायला लागले, समोरचा टँकर अचानक जवळ दिसला. गाडी बाजूला घेतली, उतरलो, तोंडावर पाणी मारलं, टपरीवाल्याशी आणि एका कोंबडीच्या गाडीवाल्याशी उगाच जोरजोरात बोलायला लागलो, काहीतरी फालतू जोक, स्वतःच हसायचं. मामेभाऊ खिडकीतून बघत होता.

घरी आल्यावर बाबांना विचारलं, कशेडीला तुम्ही एवढे हसायचा ते कशावर? ते आधी समजलेच नाहीत. मग म्हणाले, "हसतंय खंय? नीज जावची म्हणान बडबडत होतंय. मागे तू निजलेलो."

बास. पुढे टीव्हीकडे तोंड.

तेव्हापासून मी ही गाडी जरा वेगळी चालवतो. अजून एक, सहाव्या महिन्यापासून माझा उजवा खांदा दुखायला लागला, गिअर डाव्या हातात असताना उजव्या एका हातावर ते जड स्टिअरिंग पेलून, आणि आई बाम लावायला बसली तर बोट बरोबर जाग्यावर. मी म्हटलं तुला कसं कळलं इथेच दुखतंय ते. ती काहीच बोलली नाही, लावत राहिली. पंचवीस वर्षं ती त्याच जाग्यावर बाम लावत होती, फक्त खांदा दुसऱ्याचा होता.

म्हणजे ज्याला मी आठवण म्हणून जपत होतो ती माझी आठवण होती, बाबांच्या लेखी ही गाडी म्हणजे हप्ता, जागरण आणि खांदा. एकदा मी त्यांना फिरवायला म्हणून कुणकेश्वरला घेऊन गेलो, महाशिवरात्रीच्या जत्रेला पूर्वी अख्खी वाडी हौद्यात बसून जायची (आता मालगाडीत माणसं बसवणं जमत नाही आणि योग्यच आहे ते), मला वाटलं खूश होतील. पूर्ण रस्ता म्हणत होते की तिसऱ्या गिअरला खरखर येतेय, आणि येताना रिक्षाने आले. गुडघ्यामुळे चढायला त्रास होतो हे खरं कारण, पण मला जरा लागलंच.

आई मात्र पुढच्या सीटवर बसून बाजाराला जाते. भाद्रपदात गणपती पण याच गाडीतून आणला, हौद्यात गादी घालून, चिखलाच्या वाटेने पहिल्या गिअरमध्ये, आणि रस्त्यातली पोरं फोटो काढत होती तेव्हा तिने पदर सारखा केला. तिच्या पाटल्यांची वसुली चालू आहे असं मी म्हणतो.

थोडं कागदपत्राचं, कारण हे पण विचारतात. विंटेज म्हणून रजिस्टर करता येईल का? नाही. २०२१ च्या केंद्राच्या नियमात विंटेज म्हणजे ५० वर्षांच्या पुढची गाडी, तिला व्हीए अक्षरांची वेगळी नंबरप्लेट मिळते, पण मग ती धंद्याला किंवा रोजच्या वापराला चालत नाही. माझी ना तेवढी म्हातारी ना तेवढी रिकामटेकडी. तिला साध्या मालगाडीसारखंच दरवर्षी पासिंग, म्हणजे ओरोसच्या आरटीओत एक दिवस, वर पर्यावरण कर, आणि १५ वर्षांच्या पुढच्या गाड्यांची पासिंग फी २०२२ पासून भरपूर वाढलीये. धूर जास्त दिसला तर पीयूसी अडतं, म्हणून पंपाच्या कामात कंजूषी करू नका, हा माझा एकच टेक्निकल सल्ला.

नंबरप्लेटचं मात्र खरंच जिवाला लागलं. एप्रिल २०१९ च्या आधीच्या सगळ्या गाड्यांना ती नवीन हाय सिक्युरिटी प्लेट लावायचा नियम आला, ७४५ रुपये आणि वर जीएसटी. आमच्या पुढच्या प्लेटवर १९९० च्या पेंटरने ब्रशने काढलेला एमएच ०७ चा अगदी सुरुवातीचा नंबर होता, सातच्या आकड्याला शेपटी. ती काढून मांगरात टांगलीये. मागच्या फाळक्यावर त्याच पेंटरने काढलेलं हॉर्न ओके प्लीज होतं, ते राज्याने २०१५ मध्येच बंद केलं त्यामुळे रंग देताना काढावं लागलं. मला हळहळ वाटली. बाबा म्हणाले बरं झालं, लोक उगाच वाजवायचे.

मग घ्यावी का अशी गाडी? घरची उभी असेल, खालचे चासीचे लांब अँगल सडलेले नसतील, जवळपास पन्नाशीच्या पुढचा एखादा मेस्त्री हयात असेल आणि तुमचं रोजचं काम वीस-पंचवीस किलोमीटरच्या आत असेल तर आणा रोडवर, शेणखत, चिरे, खोकी, काजू, सगळं वाहते, साठ-सत्तर चिरे भरले तरी कुरकुरत नाही, पाटे वाजतात तेवढेच. कुणाची तरी जुनी गाडी बाहेरून विकत घेऊन भावना जोडायला जात असाल तर नका घेऊ, उपयोग नाही, तो खर्च परक्या माणसाच्या खांद्यासाठी होईल. आणि लांबची फेरी रात्रीची एकट्याने मारू नका. हे गाडीमुळे नाही सांगत.

मार्क द्यायचे तर आराम शून्य, इंजिन दहापैकी नऊ, ब्रेक चार, आईचा चहा दहा.

रिपेअरिंगसाठी मी ३६ महिन्यांचं लोन घेतलंय हे बाबांना सुरुवातीला सांगितलं नव्हतं. गणपतीत बँकेचा मेसेज त्यांच्यासमोरच आला. चष्मा लावून वाचला, फोन परत दिला आणि इतके हसले की खोकला आला. "एकाच गाडयेचे हप्ते दोनदा भरणारे आपणच," म्हणाले.

अजून २५ बाकी आहेत.