पकडीने मोडलेल्या चार पिना

मॉनिटर जुना, व्हीजीएचा, म्हणजे ॲनालॉग सिग्नलच्या जुन्या पोर्टचा. ग्राफिक्स कार्ड नवं, त्याला व्हीजीए पोर्टच नाही. दुकानात एक छोटा ठोकळा पुढे केला जातो: एका तोंडाला डीव्हीआय (व्हीजीएनंतरचं मॉनिटर पोर्ट), दुसऱ्याला निळा व्हीजीए. घरी तो कार्डात बसत नाही. परत नेला तर दुकानदार पकडीने त्याच्या चार पिना मोडतो आणि "आता बसेल" म्हणतो. बसतोही. मॉनिटरवर मात्र 'नो सिग्नल'. पुढचा सल्ला ठरलेला: "कार्ड गेलंय, दुसरं घ्या." फसवणूक खरी इथे होते, कारण कार्ड ठणठणीत असतं.

डीव्हीआयमध्ये आडव्या चपट्या पट्टीभोवती ज्या चार बारीक पिना असतात, त्यांतूनच ॲनालॉग लाल, हिरवा, निळा रंग आणि आडवा सिंक (चित्राच्या ओळी जुळवणारा सिग्नल) जातो. त्या मोडल्या म्हणजे चित्रच तोडलं. पोर्टला त्यांची भोकं असतील तर ते डीव्हीआय-आय, पिना २४+५. नसतील तर डीव्हीआय-डी, २४+१, म्हणजे निव्वळ डिजिटल. एनव्हिडियाच्या २०१६ च्या जीटीएक्स १०८० वर, एएमडीच्या २०१३ च्या आर९ २९० वर डीव्हीआय-डीच आहे. तिथे आत चिप असलेला ॲक्टिव्ह कन्व्हर्टरच लागतो. कार्डाला एचडीएमआय असेल तर एचडीएमआय ते व्हीजीएचा ॲक्टिव्ह कन्व्हर्टर घ्या, तो सहज मिळतो. पिन मोडायला सांगणाऱ्याकडून काहीही घेऊ नका.

दुसरा सापळा 'फोर-के' (३८४० × २१६०) लिहिलेल्या केबलचा, जी कार्डाच्या डिस्प्लेपोर्टपासून मॉनिटरच्या एचडीएमआयला जाते. स्वस्त केबल पॅसिव्ह, म्हणजे सिग्नल रूपांतरित करणारी चिप नसलेली असते. ती फक्त सिग्नलची पातळी बदलते, एचडीएमआय सिग्नल कार्डच तयार करतं. पहिल्या प्रकारच्या पॅसिव्ह ॲडॅप्टरची मर्यादा १६५ मेगाहर्ट्झ, म्हणजे ६० हर्ट्झला (सेकंदाला ६० वेळा चित्र) जेमतेम १९२० × १२००. दुसऱ्या प्रकारची ३०० मेगाहर्ट्झ, म्हणजे फोर-के ३० हर्ट्झला. ३० हर्ट्झला माउसचा बाण अडखळत सरकतो. लोक ड्रायव्हर बदलत बसतात, दोष केबलचा असतो. विंडोजच्या ॲडव्हान्स्ड डिस्प्लेमध्ये रिफ्रेश रेट पाहा, आणि रंगाचा फॉरमॅटही. तिथे ४:२:०, म्हणजे रंगाची माहिती कमी केलेला फॉरमॅट, दिसला तर आकडा ६० असूनही बारीक अक्षरं, विशेषतः लाल, पसरट दिसतील. ही केबल उलटी चालत नाही, हेही काउंटरवर कुणी सांगत नाही. एचडीएमआयचं कार्ड आणि डिस्प्लेपोर्टचा मॉनिटर असेल तर वेगळा ॲक्टिव्ह कन्व्हर्टर लागतो. त्याला बहुधा यूएसबीने वीज द्यावी लागते.

दोन्हीकडे डिस्प्लेपोर्ट असेल तरी केबल निवांतपणे घेऊ नका. २० क्रमांकाच्या पिनवर ३.३ व्होल्ट असतात आणि साध्या केबलमध्ये ही पिन एका टोकापासून दुसऱ्या टोकाला जोडायची नसते. निकृष्ट केबलमध्ये ती जोडलेली सापडते. मग मॉनिटरची वीज उलटी कार्डात शिरते: पीसी चालूच होत नाही, किंवा बंद केल्यावर पूर्ण बंद होत नाही. मशीन बंद असताना केबल काढली आणि तक्रार गेली, तर एसएमपीएसवर (पीसीच्या वीजपुरवठ्यावर) खर्च करण्याआधी मल्टिमीटरने दोन्ही टोकांच्या २० नंबरच्या पिनांमध्ये कंटिन्युइटी, म्हणजे जोडणी आहे का, तपासा. बीप आला तर ती केबल वापरू नका.

एचडीएमआयच्या पाकिटावर नुसता '२.१' हा आकडा पुरेसा नाही. सेकंदाला ४८ गिगाबिटसाठी 'अल्ट्रा हाय स्पीड', १८ साठी 'प्रीमियम हाय स्पीड' असं प्रमाणपत्राचं लेबल असतं. त्यावरचा कोड एचडीएमआयच्या ॲपने दुकानातच स्कॅन करा.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर घ्या नाहीतर पुण्याच्या तपकीर गल्लीत, पैसे देण्याआधी समोर लावून दाखवायला सांगा. बिलावर 'केबल' एवढंच नको. 'डिस्प्लेपोर्ट ते एचडीएमआय, ॲक्टिव्ह, फोर-के ६० हर्ट्झ' असं लिहून घ्या. 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' या शिक्क्याला घाबरू नका. बिलावर मुदत नसेल तर सदोष माल ३० दिवसांत परत घ्यायला नकार देणं ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. दुकानदार ऐकत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर लावा आणि बिल व पाकीट दोन्ही जपून ठेवा.