थंडीत कोणता जर्मन आइनटॉफ करावा: मसूर, वाटाणा, ग्रुनकोल की पिशेलश्टायनर?

नोव्हेंबर उजाडला की जर्मनीत दुपारी साडेचार-पाचलाच अंधारून येतं आणि रात्रीच्या जेवणाला एकच मोठं पातेलं चढवावंसं वाटतं. अशा एका पातेल्यात होणाऱ्या दाट, पोटभरीच्या जेवणाला तिथे आइनटॉफ म्हणतात. प्रत्येक प्रांताचा आपापला आइनटॉफ आहे, त्यामुळे पहिल्यांदाच करणाऱ्याला कुठून सुरुवात करावी ते कळत नाही. श्टुटगार्ट, म्युनिक, बर्लिनकडे शिकायला किंवा नोकरीला गेलेल्या मराठी घरांत आणखी एक अडचण येते. यांतले बहुतेक प्रकार डुकराच्या धुरावलेल्या मांसावर उभे आहेत, आणि घरात कोणी डुक्कर खात नाही, कोणी मांसच खात नाही. म्हणून निवड करताना माझा पहिला प्रश्न हा असतो: मांस काढून घेतलं तर पातेल्यात जेवण उरतं का? वेळ, खर्च, चव हे सगळं त्याच्यानंतर.

बहुतेकांचा पाया एकच आहे. भाजीच्या दुकानात ‘झुपनग्रुन’ नावाची जुडी मिळते. तिच्यात दोन गाजरं, सेलरीच्या कंदाची जाड फोड, लीक म्हणजे जाड कांदापातीसारख्या भाजीचा तुकडा आणि पार्सलीच्या काही काड्या असतात. लीकच्या पदरांमध्ये माती अडकलेली असते, म्हणून तो उभा चिरून पदर सुटे करून धुवायचा. मग सगळं बारीक चिरून कांद्याबरोबर लोण्यात किंवा तेलात मंद आचेवर दहा मिनिटं परतायचं. रंग बदलू द्यायचा नाही, नुसतं मऊ करायचं. आपला हात सवयीने कडकडीत तेल आणि मोहरीकडे जातो, पण इथे चव या संथ परतण्यातून येते. हळद, जिरं काही घालू नका. तमालपत्रही तिथल्या दुकानातलं, लॉर्बेअर म्हणून मिळतं ते घ्या. भारतातून नेलेल्या तमालपत्राला दालचिनीसारखा वास असतो आणि तो या पातेल्यात उपरा वाटतो.

मसुराचा आइनटॉफ

माझ्या प्रश्नाला सर्वांत ठाम ‘हो’ मसूर देतो. यासाठी ‘टेलरलिन्झन’ नावाचे चपटे, मोठे, हिरवट-तपकिरी मसूर घेतात. सांगली-कोल्हापूरकडे आख्खा मसूर खाऊन वाढलेल्यांना ही चव ओळखीची वाटेल, फक्त दाणा मोठा आणि साल थोडी जाड. चौघांसाठी 250 ग्रॅम मसूर, सव्वा ते दीड लिटर पाणी आणि दोन-तीन बटाट्यांच्या फोडी पुरतात. भिजवायची गरज नाही. पाऊण तासात दाणा मऊ होतो पण अख्खा राहतो, आणि तो अख्खा राहायलाच हवा. कुकर लावायचा मोह आवरा, कारण दोन शिट्ट्यांत त्याचं वरण होतं.

या आइनटॉफचा जीव व्हिनेगरमध्ये आहे. आमटीत आमसूल जे काम करतं तेच इथे दोन-तीन चमचे व्हिनेगर करतं, जोडीला चिमूटभर साखर. मात्र ते गॅस बंद करताना घालायचं. आंबट आधी पडलं तर डाळीची साल कडक राहते आणि तासभर उकळूनही दाणा दाताखाली येतो. व्हिनेगर घालण्याआधी एक चमचा चाखा आणि घातल्यावर परत चाखा. आधी जे नुसतं मातकट लागत होतं, त्यात गाजराची गोडी आणि सेलरीचा वास वेगवेगळे जाणवू लागतात.

श्टुटगार्टच्या आसपासच्या श्वाबेन भागात हे मसूर श्पेट्झले नावाच्या अंड्याच्या शेवयांसारख्या पदार्थाबरोबर आणि लांबट, पातळ सॉसेजबरोबर वाढतात. त्या लोकांचा मसुरावर फार जीव. श्वाबियन आल्बच्या डोंगराळ पठारावर पूर्वी मसूर पिकायचे, पण विसाव्या शतकाच्या मध्यानंतर ती शेती बंद पडली आणि स्थानिक वाणही नाहीसे झाले. 2006 मध्ये सेंट पीटर्सबर्गच्या वाव्हिलोव्ह संस्थेच्या बियाणे-संग्रहात ते वाण सापडले आणि तिथून बी आणून पुन्हा लावले. आज ते ‘आल्ब-लाइझा’ नावाने विकले जातात. महाग असतात, पण एकदा जरूर घ्या. दाणा लहान, शिजल्यावर घट्ट, आणि चव नुसत्या मिठावरही उभी राहते.

वाटाण्याचा आइनटॉफ

दिसायला हा मसुराचा भाऊ, पण स्वभाव वेगळा. मसुरात दाणा अख्खा हवा, इथे वाटाणा पूर्ण विरघळून लगदा झाला पाहिजे, पळी उभी राहील इतका दाट. सोललेला, दुभंगलेला वाटाणा घेतला तर भिजवल्याशिवाय तासा-सव्वातासात होतो. सालीचा घेतला तर आदल्या रात्री भिजवावा लागतो. शेवटची वीस मिनिटं पातेल्यापाशी उभं राहून ढवळत राहायचं. तळाला लागला की जळका वास सगळ्यात उतरतो आणि मग त्याला उपाय नाही.

मांसाशिवाय हा होतो, पण मसुराइतका सहज नाही. एरवी यात कासलर नावाचं डुकराचं खारवून धुरावलेलं मांस किंवा डुकराचा पाय शिजतो आणि त्याचा धूर वाटाण्याचा गोडपणा तोलतो. तो नसेल तर धुरावलेली पाप्रिका पूड किंवा धुरावलेल्या टोफूचे परतलेले तुकडे घालावे लागतात. मांस घालणार असाल तर मीठ अगदी शेवटी, चाखून. मात्र मरवा विसरायचा नाही. हो, तोच गजऱ्यातला मरवा. जर्मनीत तो ‘मायोरान’ नावाने सुका मिळतो, आणि वाटाण्याच्या आइनटॉफला त्याच्याशिवाय ओळख नाही.

सैन्याच्या तळावर आणि गावच्या अग्निशमन दलाच्या मेळाव्यात चाकांच्या मोठ्या भट्टीतून वाढायचा हा पदार्थ. 1867 मध्ये बर्लिनच्या योहान हाइनरिश ग्र्युनेबर्गने वाटाण्याचं पीठ, चरबी आणि मसाला एकत्र दाबून त्याची सॉसेजच्या आकाराची कांडी केली. तुकडा मोडून पाण्यात उकळला की सूप तयार. 1870-71 च्या फ्रान्सविरुद्धच्या युद्धात प्रशियाच्या सैनिकांच्या पाठपिशवीत ती होती. पुढे क्नोर कंपनीने 1889 पासून ती बनवली आणि 2018 च्या अखेरीस बंद केली. मोठ्या घोळक्यासाठी स्वस्तात पातेलं भरायचं असेल तर आजही याच्या तोडीचं दुसरं नाही.

ग्रुनकोल

इथे माझं उत्तर स्पष्ट ‘नाही’ आहे. ग्रुनकोल म्हणजे कुरळ्या पानांची केल, कोबीच्या कुळातली पालेभाजी. ब्रेमेन आणि ओल्डेनबुर्गकडे ती कांदा आणि चरबीत दीड-दोन तास शिजवतात, सोबत कासलर आणि ‘पिंकेल’. पिंकेल म्हणजे ओटचा किंवा जवाचा भरडा, चरबी आणि कांदा भरलेलं धुरावलेलं सॉसेज. त्यातलं एखादं फोडून भाजीत मिसळतात, मग भरडा रस शोषून भाजी दाट होते. ही भाजी भरपूर चरबी मागते. ती काढली तर पानं चोथट लागतात. शाकाहारी कृती पुष्कळ आहेत, पण मांस न खाणाऱ्याला मी ग्रुनकोल सुचवणार नाही.

जे खातात त्यांनी मात्र हिवाळ्यात एकदा तरी करावं. कडाक्याची थंडी पडून गेल्यावरच केल काढावी असं तिथले लोक सांगतात, आणि त्यात तथ्य आहे. झाड जमिनीत उभं असताना पानं उन्हात साखर बनवत राहतात, पण थंडीमुळे ती खर्च होत नाही, म्हणून गोडी साठते. पानं तोडून घरच्या फ्रीजरमध्ये ठेवली तर असं काही होत नाही. जानेवारी-फेब्रुवारीत मित्रमंडळी, ऑफिसातले सहकारी हातगाडीवर बाटल्या घेऊन थंडीत चालायला निघतात, मध्ये मध्ये खेळ खेळतात आणि शेवटी एखाद्या खाणावळीत ग्रुनकोलवर ताव मारतात. तिथे ‘कोबीचा राजा’ निवडला जातो आणि पुढच्या वर्षीची सहल त्याच्या गळ्यात पडते. कोणी असं बोलावलं तर नक्की जा. घरी पहिल्यांदा करण्याआधी ती चव कशी असते ते कळलेलं बरं.

पिशेलश्टायनर

बवेरियाच्या जंगलपट्टीतला हा पदार्थ. गाय, डुक्कर आणि मेंढी अशी तीन मांसं, वर गाजर, सेलरी, लीक, बटाटा, कोबी यांचे थर. रस्सा ओतून झाकण लावायचं आणि दीड तास ढवळायचं नाही. ढवळलं तर बटाटा मोडून सगळं गढूळ होतं. रेगेन गावात 1874 पासून याच्या नावाने उत्सव भरतो. डुक्कर नको असेल तर नुसत्या मेंढीच्या मांसावरही हा छान होतो, म्हणून मटण खाणाऱ्या घरांना मी ग्रुनकोलच्या आधी हाच सांगेन. चिरायला वेळ जातो, तेव्हा रविवारी करावा.

स्वस्तात काही हवं असेल तर श्टेकरूबे हा पिवळसर, गोड कंद बटाटा-गाजरासोबत पाऊण तासात शिजतो आणि मांसाशिवाय अगदी चांगला लागतो. 1916 मध्ये बटाट्याचं पीक बुडालं आणि पुढचा सगळा हिवाळा लोकांनी याच कंदावर काढला. त्यानंतर कित्येक कुटुंबांनी तो ताटात येऊ दिला नाही. मिरीचा झणका आवडणाऱ्यांनी डॉर्टमुंडचा ‘फेफरपॉटहास्ट’ पाहावा. त्यात गोमांसाइतकाच कांदा असतो आणि दाटपणा पावाच्या चुऱ्याने येतो.

तेव्हा घरात शाकाहारी असतील, वेळ तासाभराचा असेल किंवा हा पहिलाच प्रयत्न असेल, तर मसूर. पंधरा जण येणार असतील तर वाटाणा. फ्रीजरमध्ये डबे भरून ठेवायचे असतील तर या दोघांपैकी कोणताही, पण बटाटा न घालता, कारण गोठवलेला बटाटा नंतर भुसभुशीत लागतो. दुसऱ्या दिवशी दोन्ही घट्ट होतात, गरम करताना पाणी घाला. खाणारे दोन्ही प्रकारचे असतील तर मसुराच्या पातेल्यात मांस घालूच नका. सॉसेज वेगळ्या भांड्यात गरम पाण्यात दहा मिनिटं ठेवा, पाणी उकळू न देता, नाहीतर त्यांची साल फुटते. ज्याला हवं त्याने आपल्या ताटात घ्यावं. कोंबडीची सॉसेजही सगळ्या सुपरमार्केटांत मिळतात.