पुण्याच्या शिवाजीनगर कोर्टातली मोफत वकील सेवा, गरज असेल तर बिनधास्त जा

आमच्याकडे स्वयंपाकाला येतात त्या मावशींचं खोलीचं डिपॉझिट घरमालकाने अडकवून ठेवलं होतं, खोली सोडून कित्येक महिने झाले तरी आज देतो उद्या देतो चालूच. एका वकिलाने नुसत्या नोटिशीचे जे पैसे सांगितले ते ऐकून मावशी म्हणाल्या, "राहू दे ताई, गेले समजायचे." मला काही ते पटेना, म्हणून त्यांना घेऊन जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात गेले. जिल्हा न्यायालय मेट्रो स्टेशनला (आधीचं सिव्हिल कोर्ट) उतरायचं, कोर्टाच्या आवारात शिरून कोणालाही विचारायचं.

मावशींना टेन्शन होतं की आता उत्पन्नाचा दाखला काढत बसावं लागणार, पण बायकांना उत्पन्नाची अटच नाहीये!! विधी सेवा प्राधिकरणाच्या १९८७ च्या कायद्यातच आहे ते. लहान मुलं, एससी एसटी, दिव्यांग, कारखान्यातले कामगार, कोठडीतली माणसं यांनाही कमाई न बघता मदत मिळते आणि बाकीच्यांचं वर्षाचं उत्पन्न आपल्या महाराष्ट्रात ३ लाखांच्या आत असलं की झालं. वकिलाची फी, कोर्ट फी, अर्ज लिहिणं, नकला, सगळा खर्च त्यांच्याकडे. हे धुणीभांडी करणाऱ्या बायकांना, रिक्षावाल्यांना कोणी सांगतच नाही याचं मला खरंच वाईट वाटतं.

तिथल्या विधी स्वयंसेवक बाईंनी अर्ज लिहिला आणि मग अख्खा मोठ्याने वाचून दाखवला, मावशींनी मध्येच थांबवून "लाईटबिलाचे मी भरलेत, ते पण टाका" सांगितलं तर तेही घातलं, मगच सही घेतली. हे मला फार आवडलं. घरमालकाच्या हातची डिपॉझिटची चिठ्ठी मावशींनी डब्यात जपून ठेवलेली, तीच सगळ्यात कामाला आली.

केस न टाकता आधी समोरच्याला नोटीस जाते, दाखलपूर्व म्हणतात त्याला. घरमालक पहिल्या तारखेला फिरकलाच नाही, नंतर आला, आणि लोकअदालतीत हप्त्याने द्यायचं ठरलं. तिथला निवाडा कोर्टाच्या हुकूमनाम्याइतकाच पक्का असतो, त्यावर अपील नाही, त्यामुळे आकडा आणि तारखा नीट वाचूनच सही करा, घाई करू नका. तडजोड नाहीच झाली तर केस लढायलाही वकील फुकटच मिळतो.

वेळ मात्र लागतो, कामाचा खाडा होतो, ती तयारी ठेवा. आधार, भाडेकरार, पैसे दिल्याचे स्क्रीनशॉट यांच्या झेरॉक्स घेऊन जा, जाणं जमत नसेल तर आधी विधी सेवेच्या हेल्पलाइनवर, १५१०० वर फोन करा. आणि यांच्याकडून मिळालेल्या वकिलाने वेगळे पैसे मागितले तर द्यायचे नाहीत, सरळ ऑफिसात जाऊन सांगायचं, त्यांची फी प्राधिकरण देतं.