छेद न दाखवणारा स्क्रीनर

शेअर चाळून देणाऱ्या एका सशुल्क सेवेची मी वर्षभर वर्गणीदार आहे. पुढच्या आठवड्यात वर्गणी संपतेय, त्याआधी अनुभव लिहून ठेवते. लिहितेय ते फक्त तिच्या पी-बी फिल्टरबद्दल आणि त्यावर बेतलेल्या ‘स्वस्त तंत्रज्ञान शेअर’ या तयार यादीबद्दल. पी-बी म्हणजे शेअरचा भाव भागिले दर शेअरमागचं पुस्तकी मूल्य. पुस्तकी मूल्य, म्हणजेच नक्त मूल्य, हे ताळेबंदातली मालमत्ता वजा देणी, आणि तोच या भागाकारातला छेद. बावीस वर्षं मी कंपन्यांचे हिशेब तपासले. आकडा समोर आला की तो कुठून आला हे बघितल्याशिवाय मला चैन पडत नाही.

आधी चांगलं सांगते. पान पटकन उघडतं. दहा वर्षांचे ताळेबंद एकाखाली एक दिसतात आणि कुठल्याही रकमेवर टिचकी मारली की मूळ वार्षिक अहवालातलं नेमकं तेच पान समोर येतं. ही सोय मी दुसरीकडे इतकी नीट पाहिलेली नाही. कोणीतरी मन लावून काम केलंय हे कळतं.

आता फिल्टर. पहिल्याच दिवशी मी क्षेत्र ‘तंत्रज्ञान’ निवडलं, पी-बी 1 पेक्षा कमी असं टाकलं आणि चढत्या क्रमाने यादी मागितली. सर्वात वर आल्या त्या ऋण पी-बीच्या कंपन्या. म्हणजे ज्यांची देणी मालमत्तेपेक्षा जास्त, त्या सगळ्यात ‘स्वस्त’! आता नक्त मूल्य ऋण म्हणजे कंपनी बुडाली असंही नाही. एचपीचं ते वर्षानुवर्षं ऋण आहे, ओरॅकलचं 2022 मध्ये ऋण झालं होतं, आणि दोन्ही कंपन्या व्यवस्थित नफा कमावत होत्या. पण छेद शून्याखाली गेला की गुणोत्तराला अर्थच उरत नाही, मग ते स्वस्ताईच्या क्रमात बसवायचं कसं? मी उदाहरणांसकट तक्रार पाठवली. चार महिन्यांनी दुरुस्ती झाली, आता तिथे ‘लागू नाही’ असं येतं. उशिरा का होईना, ऐकलं.

माझी खरी तक्रार यापेक्षा मोठी आहे, आणि ती माझ्या भाच्यामुळे समजली.

भाचा संगणक अभियंता आहे. माझ्याच खात्यातून तो ही यादी बघायचा. एके दिवशी म्हणाला, “मावशी, ही बघ, पी-बी 0.8. शंभराची वस्तू ऐंशीला मिळतेय. घेऊन टाकली मी.” मी विचारलं, “शंभरात काय काय आहे ते पाहिलंस का रे?” तो म्हणाला, “पुस्तकी मूल्य आहे ना, त्यात अजून काय बघायचं?” त्याच्यावर चिडावं असं काही नव्हतं. पडद्यावर एकच आकडा होता, हिरव्या रंगात, आणि शेजारी ‘आकर्षक’ अशी चिठ्ठी.

आम्ही दोघांनी बसून ताळेबंद उघडला. सोयीसाठी नक्त मूल्य शंभर धरून सांगते. त्यातले 62 गुडविल, म्हणजे दुसरी कंपनी घेताना तिच्या मोजता येणाऱ्या नक्त मालमत्तेपेक्षा जास्त मोजलेली रक्कम. आणखी 15 विकत घेतलेले ग्राहक-करार आणि ब्रँड, म्हणजे अमूर्त मालमत्ता. उरले 23. हातात धरता येईल, विकून पैसे करता येतील अशी मालमत्ता देणी वजा जाता तेवढीच. म्हणजे त्या हिशेबाने पी-बी 0.8 नव्हे, 80 भागिले 23, जवळजवळ साडेतीन. ते गुडविल आलं होतं तीन कंपन्या चढ्या भावात विकत घेतल्यामुळे. दोन तिमाहींनी त्यातला मोठा भाग निर्लेखित झाला, म्हणजे तोटा म्हणून ताळेबंदातून खोडला गेला, पुस्तकी मूल्य खाली आलं, आणि यादीत तीच कंपनी एकदम ‘महाग’ दिसायला लागली. भाव त्याआधीच पडला होता. भाच्याच्या हातात तोटा राहिला.

यात नवीन काही नाही. मायक्रोसॉफ्टने 2007 मध्ये एक्वांटिव्ह ही जाहिरात कंपनी 6 अब्ज डॉलरहून जास्त मोजून घेतली आणि 2012 मध्ये 6.2 अब्ज डॉलर निर्लेखित केले. एचपीने 2011 मध्ये ऑटोनॉमी ही सॉफ्टवेअर कंपनी घेतली, पुढच्याच वर्षी 8.8 अब्ज डॉलर खोडले. निर्लेखनाच्या आदल्या दिवशीपर्यंत त्या रकमा ‘पुस्तकी मूल्य’ म्हणून मानाने छेदात बसल्या होत्या.

आणि याची दुसरी बाजू त्याहून मजबूत आहे. घरी घडवलेलं सॉफ्टवेअर बहुतेक वेळा ताळेबंदात दिसतच नाही. अमेरिकेत 1974 च्या लेखामानकापासून संशोधन आणि विकासाचा खर्च त्या त्या वर्षीच नफा-तोटा पत्रकात जातो, सॉफ्टवेअरपुरते थोडे अपवाद सोडले तर. आंतरराष्ट्रीय मानकात संशोधन खर्चीच पडतं, पण विकासाचा खर्च ठरावीक अटी पूर्ण झाल्या तर मालमत्ता म्हणून धरावा लागतो. म्हणजे एका कंपनीने दहा वर्षं खपून उत्तम प्रणाली उभी केली तर ताळेबंदात त्या प्रणालीचं मूल्य जवळपास शून्य. दुसरीने तशीच प्रणाली विकत घेतली तर पूर्ण किंमत ताळेबंदात. घडवणारी महाग ठरते, विकत घेणारी स्वस्त. आणि वेगवेगळ्या मानकांखालच्या कंपन्या ही सेवा एकाच रांगेत लावते, कुठेही एका ओळीचा इशारा न देता. हिशेबनीस म्हणून मला हे फार खटकतं. मानकं सावधपणासाठी तशी लिहिली गेली, त्यांचं काही चुकलेलं नाही. चुकतं ते त्या सावध आकड्याला कंपनीची लायकी समजणाऱ्याचं.

बायबॅकचा, म्हणजे कंपनीने स्वतःचेच शेअर परत विकत घेण्याचा परिणाम तर यादी वाचणाऱ्याच्या लक्षातही येत नाही. भाच्याला मी वहीवर असं करून दाखवलं: नक्त मूल्य 100, शेअर 10, म्हणजे दर शेअरमागे पुस्तकी मूल्य 10. बाजारभाव 50, पी-बी 5. कंपनीने 50 मोजून एक शेअर परत घेतला. नक्त मूल्य उरलं 50, शेअर 9, पुस्तकी मूल्य साधारण 5.56. भाव 50 च असेल तर पी-बी 9. धंदा तोच, माणसं तीच, एका व्यवहारात आकडा जवळजवळ दुप्पट. तो बराच वेळ वहीकडे बघत बसला. मग म्हणाला, “म्हणजे मावशी, अ‍ॅपलचं असंच झालंय का ग?” हो, तसंच. 2017 च्या सप्टेंबरात अ‍ॅपलचं नक्त मूल्य 134 अब्ज डॉलर होतं, 2022 च्या सप्टेंबरात ते सुमारे 51 अब्जांवर आलं, आणि त्याच वर्षी नफा होता जवळपास 100 अब्ज. पी-बी चाळिशीच्या पुढे. त्या आकड्यावरून अ‍ॅपल महाग की स्वस्त हे कोणीच सांगू शकत नाही. भागधारकांना किती पैसे परत दिले गेले, एवढंच त्यातून कळतं.

मग पी-बी टाकूनच द्यायचा का? मी नाही टाकणार. चिप घडवणारे कारखाने, मेमरी बनवणाऱ्या कंपन्या, यंत्रसामग्री आणि मालाचा साठा असलेले हार्डवेअरवाले, यांच्या बाबतीत छेदात खरोखर वस्तू असतात. तिथे मंदीच्या फेऱ्यात भाव पुस्तकी मूल्याजवळ येतो तेव्हा थांबून बघण्यासारखं असतं. तरी तिथेही सावध राहायला हवं. इंटेल 2024 च्या उन्हाळ्यात पुस्तकी मूल्याच्या खाली गेली, तेव्हा कितीतरी जणांना ती शंभराची वस्तू ऐंशीला वाटली असेल. त्याच वर्षीच्या तिसऱ्या तिमाहीत कंपनीने 16.6 अब्ज डॉलरचा तोटा दाखवला. यंत्रांचा वाढीव घसारा, गुडविल आणि पूर्वी मालमत्ता म्हणून धरलेली करसवलत, असं बरंच त्यात खोडलं गेलं. भाव छेदाकडे चढण्याऐवजी छेदच भावाकडे उतरला.

सॉफ्टवेअर कंपनीसाठी मी पी-बी एकटा कधीच वाचत नाही. पी-बी म्हणजे पी-ई (भाव भागिले दर शेअरमागचा नफा) गुणिले नक्त मूल्यावरचा परतावा (नफा भागिले नक्त मूल्य), हे साधं बीजगणित आहे. पी-बी 12 आणि परतावा 40 टक्के असेल तर पी-ई 30. मग प्रश्न सरळ होतो: हा 40 टक्के परतावा किती वर्षं टिकेल? आणि तो धंद्यातून येतोय की बायबॅकने आटलेल्या छेदातून? या सेवेकडे तिन्ही आकडे आहेत, पण तीन वेगळ्या पानांवर. एका ओळीत आणायला त्यांना फारसे कष्ट पडणार नाहीत.

सेवेकडे माझं मागणं तीनच गोष्टींचं आहे. पी-बीच्या शेजारी गुडविल आणि अमूर्त मालमत्ता वगळून काढलेला पी-बी द्या. छेद कोणत्या तारखेच्या ताळेबंदातला आहे ते लिहा, कारण मला दोनदा भाव आजचा आणि पुस्तकी मूल्य नऊ महिन्यांपूर्वीचं सापडलं. आणि ‘आकर्षक’ ही चिठ्ठी काढून टाका. ती वाचून माणसं आयुष्याची बचत घालतात.

पाचपैकी अडीच गुण. मूळ अहवालापर्यंत नेणाऱ्या त्या टिचकीसाठी मी आणखी एक वर्षाची वर्गणी भरतेय. तयार यादी मात्र माझ्या खात्यातून बंद केली. भाच्याने स्वतःची एक तक्ता-फाइल बनवलीय. पहिल्या रकान्यात कंपनीचं नाव, दुसऱ्यात गुडविल, आणि पी-बी सातव्या रकान्यात.